इलाय कल्बर्टसनवर लेख करतोय: आत्मचरित्रावर किती विसंबायचं आणि बाकीचे कागद कुठे शोधायचे?

डमी_धंतोली (नागपूर)

नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी इलाय कल्बर्टसनवर साधारण साडेतीन हजार शब्दांचा लेख करतोय. ब्रिज खेळणाऱ्यांना नाव ठाऊक आहे, पण कॉन्ट्रॅक्ट ब्रिज घराघरांत नेणारा हा माणूस नेमका कोण होता हे मराठीत नीट मांडावं असा विचार आहे.

हाताशी तीन गोष्टी आहेत. एक, १९४० चं त्याचं आत्मचरित्र ‘द स्ट्रेंज लाइव्ह्ज ऑफ वन मॅन’, स्कॅन स्वरूपात. दोन, सीताबर्डीच्या फूटपाथवर मिळालेलं त्याचं ब्रिजवरचं पुस्तक ‘ब्लू बुक’. त्याची पहिली चार पानं फाटली आहेत, त्यामुळे साल कळत नाही. तीन, त्याचा ब्रिजमधला प्रतिस्पर्धी सिडनी लेन्झ याच्याविरुद्धच्या सामन्याच्या आकड्यांची टिपणं, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

विचारायचं असं: आत्मचरित्रातलं किती घ्यावं? पुस्तकाची आवृत्ती कशी ठरवावी? आणि हातातल्या पत्त्यांची ताकद जोखायची त्याची ‘ऑनर ट्रिक’ची मोजणी आजच्या वाचकाला कशी समजवावी? आज सगळे पॉइंटच मोजतात.

इस्पिक_एक्का

भाऊ, आधी कालपट दोन रकान्यांत मांडा. डावीकडे तो स्वतः सांगतो ते, उजवीकडे दुसऱ्या कागदात सापडतं ते. उजवा रकाना रिकामा असेल तर लेखात ‘तो लिहितो की’ असंच जाऊ द्या, ‘झालं’ असं लिहू नका.

पक्कं धरायला हरकत नाही ते एवढं. जन्म २२ जुलै १८९१, रुमानियातल्या पोयाना वर्बिलाऊ इथे. वडील अमेरिकन, तेल आणि खाणींच्या धंद्यातले, आई रशियन. वडिलांमुळे नागरिकत्व अमेरिकन. रशियन क्रांतीत घरची मालमत्ता गेली, काही वर्षं पॅरिस आणि युरोपातल्या इतर शहरांत पत्त्यांवर पोट भरलं, १९२१ मध्ये अमेरिकेत आला. १९२३ मध्ये जोसेफिन डिलनशी लग्न, ऑक्टोबर १९२९ मध्ये ‘द ब्रिज वर्ल्ड’ मासिक, १९३० मध्ये ‘ब्लू बुक’, १९३८ मध्ये घटस्फोट. मृत्यू २७ डिसेंबर १९५५, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात ब्रॅटलबरो इथे.

तारुण्यातला भाग मात्र जपून घ्या: रशियातले क्रांतिकारक, तुरुंग, मेक्सिको, स्पेन. हे सगळं जवळजवळ त्याच्या एकट्याच्या शब्दावर उभं आहे.

आणखी दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. रशियात १९१८ पर्यंत आणि रुमानियात १९१९ पर्यंत जुनी ज्युलियन दिनदर्शिका होती. १८९१ मधल्या तारखेत १२ दिवसांचा फरक पडतो, मार्च १९०० नंतरच्या तारखेत १३ दिवसांचा. दोन कागदांत बारा-तेरा दिवसांचं अंतर दिसलं की लगेच ‘हा खोटं बोलला’ असं ठरवू नका, आधी दिनदर्शिका बघा. दुसरं, त्याचं नाव जुन्या नोंदींत ‘एली’ अशा फ्रेंच वळणाच्या स्पेलिंगनेही येतं. फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावर अमेरिकन पासपोर्ट अर्ज आणि जहाजांच्या प्रवासी याद्या आहेत. तिथे दोन्ही स्पेलिंगनी शोधा, आणि वडिलांच्या आल्मन या नावानेही.

जोसेफिनला ‘कल्बर्टसनची बायको’ म्हणून एका वाक्यात गुंडाळू नका. लग्नाआधीपासून न्यूयॉर्कमध्ये ती नावाजलेली ब्रिज शिक्षिका होती. बायकांनीही टेबलावर बरोबरीने बसावं हा त्याच्या प्रचाराचा मोठा भाग होता आणि त्याचा चेहरा तीच होती.

जुनी_बांधणी

पुस्तकाबद्दल सांगतो. ‘ब्लू बुक’ १९३० मध्ये आलं आणि पुढे सुधारून निघत राहिलं. १९३३ ची आवृत्ती तर बरीच बदललेली आहे. शीर्षकपान नसलं तरी गुणांच्या हिशेबावरून काळ ओळखता येतो. बिनहुकमीच्या (नो-ट्रम्पच्या) एका हाताला, म्हणजे एका ट्रिकला, किती गुण दिलेत ते शोधा. १९२७ च्या नियमांत दर हाताला ३५ होते. १९३२ पासून पहिल्याला ३०, दुसऱ्याला ४०, मग पुन्हा ३० अशी आलटून-पालटून मोजणी आली. १९३५ पासून आजची पद्धत, पहिल्याला ४० आणि पुढे प्रत्येकी ३०.

इथे एक खाच आहे. दोन बिनहुकमीचे गुण तिन्ही पद्धतींत ७० च होतात. त्यामुळे दोनच्या उदाहरणावरून काही ठरत नाही. एक बिनहुकमीचं उदाहरण बघा (३५, ३० की ४०) किंवा तीनचं. तीनला १०५ लिहिले असतील तर तुमची प्रत १९३२ च्या आधीची. १०० असतील तर नंतरची.

याहून बारीक ताळा हवा असेल तर हाथीट्रस्ट या डिजिटल ग्रंथसाठ्यावर जा. तिथे पुस्तक पूर्ण उघडत नसलं तरी आतल्या मजकुरात शोध घेता येतो आणि शब्द कोणत्या पानावर आहेत ते दिसतं. तुमच्या प्रतीतल्या शंभराव्या पानाच्या आसपासचे सलग पाच-सहा शब्द अवतरणचिन्हांत टाका. उदाहरणातले पत्ते नकोत, साध्या मजकुराचे शब्द घ्या. तीन वेगवेगळ्या पानांसाठी हे करा आणि उपलब्ध आवृत्त्यांशी पानांचे आकडे ताडून बघा. तिन्ही जुळले तर आवृत्ती मिळाली. एकच जुळला तर तो योगायोग समजा. लंडनची आणि न्यूयॉर्कची छपाई वेगळी, पानंही वेगळी पडतात. म्हणून लेखात दाखला देताना पानाऐवजी प्रकरणाचं नाव द्या.

प्रत हाताळताना थोडं सांभाळा. त्या काळचा कागद आम्लामुळे पिवळा पडून ठिसूळ झालेला असतो, आणि आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात कण्याचा सरस सुकून तडकतो. पुस्तक सपाट उघडून वरून दाबलं की पानांचा गठ्ठाच सुटून हातात येतो. दोन उशा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या ठेवून त्यात पुस्तक काटकोनाइतकंच उघडा. एकदा सगळी उजवी पानं, मग सगळी डावी पानं असे फोटो घ्या. फाटलेल्या पानाला सेलोटेप नको. त्याचा चिकट भाग काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरंच झाकतो. पाकिटात सुटं ठेवलं तरी चालेल.

चौकट_सत्ती

ऑनर ट्रिक समजावण्यासाठी तक्ता देण्यापेक्षा तेरा-तेरा पानांचे दोन हात शेजारी ठेवा, वाचकाला चटकन कळतं.

मूळ किंमती अशा: एकाच रंगात एक्का-राजा म्हणजे २, एक्का-राणी म्हणजे दीड, नुसता एक्का १, राजा-राणी १, राजा आणि सोबत एखादं छोटं पान अर्धा, राणी-गुलाम आणि सोबत छोटं पान अर्धा. पूर्ण कॅटमध्ये सगळे मिळून साधारण आठ-साडेआठ भरतात. बोली उघडायला साधारण अडीच लागत.

आता पहिला हात. इस्पिक: एक्का, राजा, ८, ६, ३. बदाम: ९, ४. चौकट: राजा, ७, ५. किलवर: ८, ६, २. आजच्या ४-३-२-१ मोजणीने (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) हे फक्त १० पॉइंट, बरेच जण पास देतील. कल्बर्टसनच्या मोजणीने इस्पिकचे २ आणि चौकटचा अर्धा, म्हणजे अडीच. तो एक इस्पिक बोलणार.

दुसरा हात. इस्पिक: राणी, गुलाम, ७, ५. बदाम: राजा, ८, ४. चौकट: राणी, गुलाम, ६. किलवर: राजा, ७, २. पॉइंट १२. ऑनर ट्रिक मात्र चार अर्धे, म्हणजे २. तो पास देणार.

यात त्याचा सगळा विचार दिसतो. कोणतं पान पहिल्या-दुसऱ्या फेरीतच हात करेल, हे तो मोजत होता. राणी-गुलामांची गर्दी त्याला भुलवत नसे, आणि बचावाच्या वेळी ही मोजणी खरंच कामाची आहे. कमतरताही तितकीच खरी: अर्ध्यांच्या बेरजा, ‘प्लस’ किमती, आणि संतुलित हातात बिनहुकमीचा अंदाज घेताना होणारी ओढाताण. ४-३-२-१ ची मोजणी गोरेनच्या आधीची, मिल्टन वर्कच्या नावाने ती ओळखली जायची. चार्ल्स गोरेनने १९४० च्या दशकाच्या शेवटी तिला लांब-आखूड रंगांच्या हिशेबाची जोड देऊन लोकप्रिय केलं आणि ऑनर ट्रिक मागे पडली. शिकायला सोपी पद्धत जिंकली. कल्बर्टसननेही १९३० च्या सुमारास बाजार असाच जिंकला होता.

दोनाची बोली उघडली की गेमपर्यंत, म्हणजे शंभर गुणांच्या बोलीपर्यंत, थांबायचं नाही, हा त्याचा नियमही घ्या. आणि ‘दोन-तीनचा नियम’: व्हल्नरेबल (एक गेम आधीच जिंकलेले) असताना हातातल्या खात्रीच्या हातांपेक्षा दोनच जास्त बोलायचं, नसताना तीन. आपल्याकडे जुने खेळणारे हा नियम आजही तोंडपाठ सांगतात. तो कुठून आला हे वाचायला त्यांना आवडेल.

डमी_धंतोली

खूप आभार. एक बिनहुकमीचं उदाहरण सापडलं, त्यात ३५ आहेत, म्हणजे प्रत १९३२ च्या आधीची. आता लेन्झ सामना. एका टिपणात रोजची आघाडी आहे, दुसऱ्यात वेगळीच, आणि तारखा एक-दोन दिवसांनी सरकलेल्या. यातलं धरायचं काय?

सिव्हिल_लाइन्स_रबर

शेवटचा निकाल निर्विवाद आहे, तिथून मागे या. सामना ७ डिसेंबर १९३१ ला न्यूयॉर्कच्या हॉटेल चॅटममध्ये सुरू झाला, पुढे वॉल्डॉर्फ-अस्टोरियात गेला आणि ८ जानेवारी १९३२ ला संपला. १५० रबर (आधी दोन गेम जिंकले की एक रबर), ८७९ डाव, कल्बर्टसन ८,९८० गुणांनी विजयी. लेन्झचा भिडू ऑस्वाल्ड जेकबी १०३ रबरांनंतर बाजूला झाला आणि कमांडर लिगेट आला. कल्बर्टसनसमोर जोसेफिन निम्म्याहून जास्त रबर बसली. बाकी वेळ लाइटनर, फॉन झेडट्विट्झ आणि गॉटलिब. पंच होते लेफ्टनंट आल्फ्रेड ग्रुएंथर. पुढे हेच नाटोचे युरोपातले सरसेनापती झाले. वाचक हे वाचून थबकतील, अवश्य लिहा.

आकडे का जुळत नाहीत त्याची तीन कारणं आहेत. काही वर्तमानपत्रं त्या दिवसाच्या बैठकीचा फरक छापत, काही सुरुवातीपासूनचा एकूण फरक, आणि मथळ्यात दोन्हीला ‘आघाडी’च म्हणत. दुसरं, रात्रीची बैठक मध्यरात्रीनंतर लांबली की सकाळच्या आवृत्तीत अर्धवट आकडा जाई. तिसरं, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या पत्रांत तारेने आलेली बातमी एक-दोन दिवसांनी छापली जाई आणि काळाच्या फरकाने तारीख आणखी सरके. म्हणून तक्ता करताना छापल्याची तारीख हा एक रकाना आणि कितव्या रबरानंतरचा आकडा हा दुसरा. जुळणी रबराच्या क्रमांकावर करा, तारखेवर नको.

मोफत साठे तीन: ऑस्ट्रेलियाचं ट्रोव्ह, न्यूझीलंडचं पेपर्स पास्ट, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं क्रॉनिकलिंग अमेरिका. शोधताना नुसतं आडनाव टाकून भागत नाही. यंत्राने वाचलेल्या मजकुरात ई चा सी होतो, एल चा आय होतो, आणि आडनाव ओळीच्या शेवटी तुटलं की शोधात येतच नाही. ‘लेन्झ’, ‘रबर्स’, ‘ब्रिज’ हे तीन शब्द एकत्र टाका आणि ७ डिसेंबर १९३१ ते १५ जानेवारी १९३२ असा काळ बांधा. डावांचे तक्ते यंत्राच्या मजकुरातून कधीच उचलू नका. इस्पिक-बदामच्या चिन्हांचा तिथे चुराडा झालेला असतो, दहाचा आकडा भलताच काही होतो. मूळ पानाचं चित्र उघडून हाताने उतरवा आणि चारही हातांत तेरा-तेरा पानं आहेत ना, दर रंगाची तेरा भरतात ना, हे मोजा. छापतानाच चूक झालेले डाव यातून लगेच पकडले जातात.

टाइम्स ऑफ इंडियाचे जुने अंक प्रोक्वेस्टच्या साठ्यात आहेत, पण तो संस्थांना वर्गणीवर मिळतो. नागपुरात ज्या कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात तो चालू असेल तिथे अंकाच्या संपादकांचं पत्र घेऊन जा. पत्रात विषय, नेमका काळ आणि किती दिवस बसणार हे लिहा. ‘जुनी वर्तमानपत्रं बघायची आहेत’ असं मोघम सांगितलं की काम अडतं. पुस्तकं दुसऱ्या गावाहून मागवायची तर त्याच ग्रंथपालांना डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्यामार्फत आंतरग्रंथालयीन देवघेव होते का ते विचारा. सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या क्लबांच्या कपाटांतही त्या काळची ब्रिजची पुस्तकं बघण्यासारखी असतात. सदस्याच्या ओळखीने जा आणि यादीपेक्षा कपाटच बघा.

एक सावधगिरीची गोष्ट: हा सामना रबर ब्रिजचा होता. दोन्ही बाजूंना सारखे पत्ते मिळाले नव्हते. त्यामुळे ८,९८० हा आकडा म्हणजे पद्धतीच्या श्रेष्ठतेचा पुरावा नव्हे, तो प्रचाराचा विजय होता. पद्धतीची तुलना करायची तर सप्टेंबर १९३० चा लंडनच्या अल्मॅक्स क्लबातला कर्नल बुलरविरुद्धचा सामना घ्या. तो डुप्लिकेट होता, म्हणजे तेच पत्ते दोन्ही संघांना खेळायला मिळाले, २०० डाव, अमेरिकन संघ ४,८४५ गुणांनी पुढे. आणि १९३७ ची बुडापेस्टची हारही लिहा. तिथे ऑस्ट्रियाने त्याच्या संघाला हरवलं. ती वगळली की लेख त्याच्याच जाहिरातीसारखा होतो.

किलवर_राणी

बेनेट प्रकरण लेखात येणारच, म्हणून आधीच सांगते. २९ सप्टेंबर १९२९ ला कॅन्सस सिटीत ब्रिज खेळताना झालेल्या भांडणानंतर मर्टल बेनेटने नवऱ्याला गोळी घातली, १९३१ मध्ये ती निर्दोष सुटली. चार इस्पिकचा जो ‘तो डाव’ सगळीकडे छापला जातो, तो मागाहून जुळवलेला आहे. टेबलावर नेमकी तीच पानं होती याला आधार नाही. कल्बर्टसनने त्याचं विश्लेषण केलं, आपल्या पद्धतीने बोलले असते तर काय झालं असतं ते सांगितलं. लेखात डाव द्यायचा तर ‘छापला गेलेला डाव’ म्हणून द्या.

आणि इस्पिक_एक्का दादा, आत्मचरित्राबद्दल तुमच्याशी थोडं असहमत. दोन रकाने बरोबर, पण उजवा रकाना रिकामा म्हणून ती प्रकरणं अर्ध्या ओळीत उरकू नयेत. ब्रिज विकताना त्याने भीती, आशा, स्पर्धा, नवरा-बायकोतली चुरस यांचा जाणून वापर केला, आणि ते तो त्याच पुस्तकात उघड सांगतो. स्वतःचं आयुष्यही त्याने त्याच हातोटीने मांडलंय. घटनांसाठी ते कच्चं असेल, पण माणूस कसा विचार करायचा यासाठी त्याहून जवळचा कागद नाही.

इस्पिक_एक्का

मान्य, ताई. मग असं करू: घटनेसाठी दुसरा कागद हवाच, विचारासाठी आत्मचरित्र थेट उद्धृत करावं. फक्त १९४० हे साल डोळ्यांपुढे राहू द्या. घटस्फोट होऊन गेला होता आणि त्याचं मन ब्रिजवरून जागतिक शांततेच्या योजनेकडे वळत होतं. १९४३ चं ‘टोटल पीस’ आणि १९४६ चं ‘मस्ट वी फाइट रशिया?’ ही पुस्तकं त्याच प्रवासातली. राष्ट्रांच्या सैन्याचे वाटे ठरवून आंतरराष्ट्रीय दल उभारायचं, अशी त्याची मांडणी होती. आत्मचरित्र लिहिणारा माणूस स्वतःला पत्तेबाजापेक्षा मोठा ठरवायला निघाला होता, हे वाचताना जाणवतं.

डमी_धंतोली

पटलं. शेवटचं एक: ‘ब्लू बुक’मधला अर्धा पानाचा उतारा भाषांतर करून छापला तर हक्कांचं काय? आणि तो उतारा त्याच्याच हातचा आहे असं म्हणता येईल का?

जुनी_बांधणी

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. तो १९५५ मध्ये गेला, म्हणजे त्याच्या एकट्याच्या नावावरचं लेखन १ जानेवारी २०१६ पासून मुक्त आहे. सहलेखक असेल तर शेवटी गेलेल्याचं वर्ष धरतात. जोसेफिन १९५६ मध्ये गेली, म्हणजे दोघांच्या नावावरचं २०१७ पासून. अमेरिकेचा हिशेब वेगळा, तिथे १९३० ची छपाई १ जानेवारी २०२६ पासून मुक्त. १९३१ आणि नंतरच्या आवृत्त्यांच्या हक्कांचं नूतनीकरण झालं होतं का ते स्टॅनफर्डच्या नूतनीकरण नोंदींत बघता येतं. पण तुमचा अंक इथे छापला जाणार, तेव्हा पहिला हिशेब पुरे.

हाताचं म्हणाल तर, त्याच्या कचेरीत आल्बर्ट मोरहेड, आल्फ्रेड शाइनवोल्ड असे पुढे स्वतः नावारूपाला आलेले लोक काम करत. १९३५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचा पहिला ब्रिज संपादक झाला तो हाच मोरहेड. विशेषतः १९३४ नंतरच्या पुस्तकांत आणि स्तंभांत कोणती ओळ कोणाची, हे वेगळं काढणं अवघड. तुमची प्रत त्याआधीची आहे, तरी उताऱ्याखाली ‘कल्बर्टसन लिहितो’ ऐवजी ‘ब्लू बुकमध्ये म्हटलं आहे’ असं टाका. आणि भाषांतरात ऑनर ट्रिकला ‘मानाचा हात’ वगैरे करू नका, टेबलावर कोणीच तसं म्हणत नाही. ऑनर ट्रिकच राहू द्या.